पीडीएफ एक्सपोर्टची सेटिंग्ज दर वेळी पुसली जातात, कायमची कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या दिवाळी अंकाची मांडणी सध्या मी करते आहे. छापखान्यासाठी पीडीएफ काढताना दर वेळी एकच अडचण येते. एक्सपोर्टची सेटिंग्ज लावली की सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत राहतात, बंद करून उघडलं की सगळं मूळपदावर. छापखान्याला लागतं पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार), सीएमवायके (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाया), चित्रं ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (पान कापताना कडा पांढरी राहू नये म्हणून कडेबाहेर वाढवलेला भाग) आणि कटमार्क (कुठे कापायचं त्याच्या खुणा). समोर येतं ते पडद्यासाठीचं: आरजीबी (पडद्याचे लाल, हिरवा, निळा रंग), कमी रिझोल्यूशन, ब्लीड शून्य.

ब्लीड द्यायचं राहिलं तर निदान डोळ्यांना दिसतं. आरजीबीचं तसं नाही. काळा मजकूर आरजीबीत गेला की पुढे सीएमवायके होताना तो नुसत्या काळ्या शाईत न राहता चारही रंगांत विभागला जातो. मग ऑफसेट छपाईत एखादा रंग केसभर जरी सरकला तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. आपल्या देवनागरीत रफार, अनुस्वार, उकार इतके बारीक, की लहान टायपात वाचणं अवघड होतं. पडद्यावर यातलं काही कळत नाही, छापून आल्यावरच कळतं. लेखकांनी जीव ओतून लिहिलेलं असं छापलं जाऊ नये, म्हणून विचारते आहे.

मशीन विंडोजचं आहे. पॅनेलची मांडणीही लक्षात राहत नाही. मोठी फाइल असली की सॉफ्टवेअर बंद होताना अडकतं, मग टास्क मॅनेजरमधून बंद करावं लागतं. पुन्हा इन्स्टॉल करूनही फरक नाही. नाव देऊन ठेवलेला प्रीसेट (सेटिंग्जचा संच) टिकतो, पण एक्सपोर्टची खिडकी तो आपणहून उचलत नाही. जाहिराती शेवटपर्यंत येत राहतात, एकेक फॉर्म (एकत्र छापला जाणारा पानांचा गट) पुन्हा काढावा लागतो, आणि घाईत एखादा तसाच जाईल अशी धास्ती वाटते. ही सेटिंग्ज नेमकी कुठे साठतात? कायमची कशी करायची?

प्रतिसाद:

ताई, टास्क मॅनेजरमधून बंद करता, मला वाटतं गोम तिथेच आहे. बरीच सॉफ्टवेअरं शेवटची सेटिंग्ज मेमरीत ठेवतात आणि नीट बंद होतानाच फाइलमध्ये लिहितात. प्रीसेट मात्र साठवताक्षणी लिहिला जातो, म्हणून तो वाचतो.

एखादी एकपानी फाइल उघडा, सेटिंग्ज लावून एक्सपोर्ट करा, फाइल बंद करा आणि मेनूतून एक्झिट घ्या. पुन्हा उघडल्यावर टिकली असतील तर दोष त्या अडकण्याचा. नाही टिकली तर प्रीसेटची प्रत दुसरीकडे काढून ठेवा, सॉफ्टवेअर बंद करा आणि ॲपडेटा फोल्डरमध्ये (विंडोजवर सॉफ्टवेअरं आपली माहिती ठेवतात तिथे) त्याची प्रेफरन्सेस फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, शोधा. तिच्यावर रीड-ओन्लीची खूण नाही ना ते पाहा. नसेल तर फाइलचं नाव बदला, सॉफ्टवेअर नवी तयार करेल. पुन्हा इन्स्टॉल करताना ही फाइल बहुधा तशीच राहते, म्हणून तुम्हाला फरक दिसला नसावा.

तोवर प्रत्येक पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये बघा, तिथे प्रत्येक शाईची प्लेट वेगळी दाखवता-लपवता येते. काळी प्लेट बंद केली की मजकूर पूर्ण नाहीसा व्हायला हवा. अक्षरं फिकट रंगात उरली तर तो फॉर्म छापखान्याला पाठवू नका.