‘लॉजिक’ला तर्क म्हणावं का?

भाची डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, प्रोग्रॅमिंग शिकतेय. परवा म्हणाली, “मामा, सिंटॅक्स पाठ आहे, पण लॉजिकच लागत नाही.” सिंटॅक्स म्हणजे कोड लिहिण्याचे नियम, ते ठीक. पण लॉजिक मराठीतून समजवायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. कोशात लॉजिक म्हणजे तर्कशास्त्र. पण बोलताना आपण तर्क ‘बांधतो’ नाहीतर ‘लढवतो’, म्हणजे धड माहिती नसताना अंदाज ठोकतो. भाचीचंही तेच चाललं होतं. अटीत ‘पेक्षा लहान’ चालेना, मग ‘लहान किंवा समान’ घालून बघ. चाललं तर चाललं. हा तर्कच झाला की! लॉजिक नव्हे. मग चपखल शब्द कोणता?

प्रतिसाद :
रीत. शाळेच्या गणितात ‘रीत १, रीत २’ असं असायचंच की.

प्रतिसाद :
रीत म्हणजे अल्गोरिदम. रीत दुसऱ्याकडून घेता येते, लॉजिक स्वतःलाच लावावं लागतं. म्हणून तर ‘लॉजिक लागत नाही’ म्हणतात, कुलपाला किल्ली लागत नाही तसं. जाता जाता : अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकातल्या अल्-ख्वारिज्मीच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. आर्यभटाच्या ग्रंथातली (इ.स. ४९९) कुट्टकाची रीत त्याहून जुनी. कुट्टक म्हणजे कुटणारा. मोठ्या संख्येला लहानीने भागा, मग लहानीला बाकीने, पुन्हा त्या बाकीला नव्या बाकीने. कुटत राहायचं. लूप, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा करणं, नावातच आहे!

प्रतिसाद :
कुट्टक भाचीला नको, बिचारी पळून जाईल. तिला ‘हातचा’ द्या. ४७ अधिक ३८ : सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. चार आणि तीन सात, हातचा मिळवून आठ. उत्तर ८५. हातचा हा पक्का व्हेरिएबल आहे. नाव तेच, आतली किंमत दर घराला बदलते. पुस्तकी ‘चल’पेक्षा मला तो केव्हाही बरा वाटतो, ‘चल’ म्हटलं की पोरं दप्तर उचलतात. आणि टेस्टिंगला ‘ताळा’ आहेच : ८५ मधून ३८ वजा करा, ४७ आले की ताळा जमला.

मूळ धागाकर्ता :
हातचा आवडला. तिची दुसरी अडचण ‘बरोबर’ची होती. ‘अ = अ + १’ पाहून म्हणाली, “हे बरोबर कसं असेल?” आपल्याकडे समान आणि अचूक या दोन्हींना बरोबरच! मी म्हटलं, “असं वाच : ‘अ मध्ये एक मिळवून परत अ मध्येच ठेव.’” तेवढ्यावर भागलं.

प्रतिसाद :
‘किंवा’वरही एकदा बोला तिच्याशी. “चहा घेणार की कॉफी?” याला ‘हो’ म्हणणारा विनोद करतोय असं वाटतं. “चहा किंवा कॉफी घेणार का?” याला मात्र ‘हो’ हे सरळ उत्तर आहे. प्रोग्रॅममधला ‘ऑर’ हा ‘किंवा’ आहे, ‘की’ नव्हे. दोन्ही अटी खऱ्या असल्या तरी त्याचं उत्तर ‘खरं’च येतं. मुलं डोक्यात ‘की’ धरतात आणि तिथेच घोळ होतो.

प्रतिसाद :
‘इफ-एल्स’ला ‘जर-तर-नाहीतर’ ठीकच आहे. पण बोलताना आपण ‘जर’ खातो : “पाऊस आला तर छत्री घे.” कागदावर लिहायला लावा, म्हणजे अट कुठे सुरू होते ते दिसतं.

मूळ धागाकर्ता :
काल रात्री तिच्याकडून बेरजेची रीत पायरीपायरीने लिहून घेतली, कोड नाही, नुसतं मराठीत. एककापासून सुरुवात, हातचा शून्य, एकेक घर डावीकडे. ४७ आणि ३८ ला ताळा जमला. मग तिने स्वतःच ९९ आणि १ घेतले. उत्तर आलं ००. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “घरं संपली, पण हातचा उरलाय. तो कुठे लिहू?”

लॉजिकला शब्द मात्र अजून सापडलेला नाही. धागा उघडाच ठेवतो.