लॅपटॉपचा प्रोसेसर २.५ चा, पण ०.७९ गीगाहर्ट्झवरच अडकून राहिला, काय करू?

मानेवाडा_ड्रॉइंग:
नमस्कार. माझ्याकडे आय५-१०३००एच वाला लॅपटॉप आहे, १६ जीबी रॅम, एसएसडी. घरूनच ऑटोकॅडचं काम करते, घरांचे प्लॅन वगैरे. काही दिवसांपासून इतका स्लो चालून राहिला की एक हॅच (ड्रॉइंगमधल्या भागात रेघांची नक्षी भरणं) टाकलं की नुसतं पाहत बसायचं. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर बेस स्पीड २.५० दाखवते अन् खरा स्पीड ०.७९, तिथून हलतच नाही, काम जास्त असो की कमी. टर्बो (गरजेला बेसच्या वर जाणारा स्पीड) ४.५ पर्यंत जातो म्हणतात, तेवढं नको पण निदान अडीच तरी मिळावा ना. पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर आहे, व्हायरस स्कॅन झालं, अपडेट झाले. इकडे एका दुकानात दाखवला तर म्हणे प्रोसेसर गेला, बोर्ड बदलावा लागेल, अन् खर्च ऐकून पोटात गोळाच आला. प्रोसेसर असा अर्धवट जातो का हो? महिनाअखेरीला ड्रॉइंग द्यायची आहेत, कोणी नीट सांगा प्लीज.

गोधनी_रायडर:
ताई मे महिना सुरू आहे, नागपुरात ४५ डिग्री, लॅपटॉपनं तरी काय करावं. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला त्यावर लावतात तो लेप, सुकली असणार. उघडून साफ करून नवीन पेस्ट लावून घ्या, होऊन जाईल.

सीपीयू_भाऊ:
थांबा थांबा, लगेच उघडू नका. आधी आकडा काय सांगून राहिला ते पाहा, कारण प्रोसेसर कुठे अडकतो त्यावरून अर्धं निदान होते. गरमीमुळे स्पीड कमी होत असेल तर तो खालीवर होतो, सुरुवातीला साडेतीन-चार, मग तापमान ९५-१०० ला टेकलं की खाली, थंड झाला की परत वर. बेसच्या जवळपास, २.४-२.५ वर छताला लागल्यासारखा थांबत असेल तर बहुतेक वेळा पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के झालेलं असते, तेवढ्या एका टक्क्यानं टर्बो पूर्ण बंद होतो. पण ०.७९ वर दगडासारखा बसणं म्हणजे वेगळं प्रकरण. हा प्रोसेसरचा सगळ्यात खालचा गिअर आहे, १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक गुणिले ८, म्हणजे जवळपास ०.८ गीगाहर्ट्झ. तिथे तो आपल्या मनानं भर कामात बसत नाही, त्याला कोणीतरी बसवते.

अन् प्रोसेसर गेला हे तर मला अजिबात पटत नाही. गेलेला प्रोसेसर हळू चालत नाही, लॅपटॉप सुरूच होत नाही किंवा मधातच बंद पडतो.

तीन गोष्टी सांगा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून स्लो असताना तापमान किती ते पाहा. चार्जर ओरिजिनल आहे का? अन् चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला तर स्पीड बदलतो का?

मानेवाडा_ड्रॉइंग:
तापमान ५० च्या आसपास आहे, एचडब्ल्यूइन्फोत प्रॉकहॉटसमोर यस लिहून येते. चार्जर ओरिजिनल नाही, आधीच्याची वायर पिनजवळ तुटली होती म्हणून सीताबर्डीतून दुसरा घेतला, दुकानदार म्हणाला सेमच आहे. हाव, आता लक्षात आलं, तेव्हापासून बॅटरी प्लग्ड इन दाखवते पण चार्ज होत नाही! आत्ता चार्जर काढून पाहिला तर स्पीड लगेच ३ च्या वर गेला. बॅटरी थोडीच उरली आहे म्हणून जास्त वेळ चालवला नाही.

सीपीयू_भाऊ:
मग झालं, सापडलं. बोर्ड बदलायची काही गरज नाही.

प्रॉकहॉट ही प्रोसेसरची एक वायर आहे असं समजा. तो स्वतः तापला की त्यावरून सिग्नल देतो. पण इंटेलमध्ये ती दोन्हीकडून चालते, त्याला बीडी प्रॉकहॉट म्हणतात, म्हणजे बोर्डसुद्धा त्याच वायरवरून प्रोसेसरला सांगू शकतो की बाबा हळू हो. बोर्ड हे कधी सांगतो? पॉवरचा भाग तापला की, अन् बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जर ओळखू आला नाही की. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक पिन असते, तिच्यावरून लॅपटॉपला कळते की हा चार्जर किती वॉटचा. ती माहिती आली नाही तर तो सगळ्यात सुरक्षित पर्याय घेतो, बॅटरी चार्ज करणं बंद अन् प्रोसेसर तळाला. म्हणूनच तुमचा ५० डिग्रीवर असून ०.७९ वर बसला.

खात्री करायची तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जाऊन अडॅप्टरची माहिती पाहा, ओळखला नसेल तर अननोन असं काही येईल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) कर्नल-प्रोसेसर-पॉवर, इव्हेंट ३७ पण सापडेल, सिस्टम फर्मवेअरनं (बोर्डावरच्या सॉफ्टवेअरनं) स्पीड लिमिट केला असं त्यात लिहिलेलं असते. अन् लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर व्होल्ट-अँपिअर दिले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. नवीन चार्जरवर तेवढेच किंवा जास्त पाहिजेत, अन् व्होल्ट तर अगदी सारखेच. पिन बसली म्हणजे चार्जर सेम झाला असं नसते.

गोधनी_रायडर:
बरोबर आहे भाऊ, ५० डिग्री म्हणजे गरमीचा विषयच नाही. पण चार्जर कशाला घ्यायचा, थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर टाका, बीडी प्रॉकहॉटची टिक काढा, एका मिनिटात फुल स्पीड.

सीपीयू_भाऊ:
तपासायला पाच मिनिटं काढा, त्याला हरकत नाही. रोजच्या कामाला नको, मी हे कळकळीनं सांगून राहिलो. कमी वॉटच्या चार्जरवर फुल लोड टाकला तर चार्जर तापतो, भर कामात लॅपटॉप बंद पडू शकतो, अन् उद्या खरंच बोर्डाचा पॉवर सेक्शन तापला तर हळू हो म्हणणारा कोणी उरत नाही. ताईंची पोट भरायची मशीन आहे ती.

मानेवाडा_ड्रॉइंग:
खूप खूप धन्यवाद! बायोसमध्ये अननोनच आलं. ओळखीच्या एका मुलाकडे हेच मॉडेल आहे, त्याचा ओरिजिनल चार्जर लावून पाहिला तर बॅटरी चार्ज व्हायला लागली अन् स्पीड थेट ४ च्या वर. हॅच झटक्यात होऊन राहिलं. ओरिजिनल मागवते. फक्त एक, मोठा रेंडर (प्लॅनचं खऱ्यासारखं चित्र बनवणं) लावला की दुपारी आता तापमान ९७ जाते अन् स्पीड २.८-३ वर येतो, ही तीच भानगड तर नाही ना?

सीपीयू_भाऊ:
नाही, ही साधी गरमी आहे, अन् इथे गोधनीवाल्या भाऊंची पेस्टची गोष्ट लागू होते. पंखा हवा खोलीतलीच ओढतो, म्हणून २५ डिग्रीच्या खोलीत जो ७७ वर राहील तो ४५ मध्ये ९७ ला जाणारच. २.८ म्हणजे बेसच्या वरच आहे, त्यात बिघाड काही नाही. पण दोन-तीन वर्षं उघडला नसेल तर पंखा अन् मागच्या जाळीतली धूळ काढून घ्या, आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीचा गालिचाच बसतो तिथे. पेस्ट त्याच वेळी लावून टाका. तोपर्यंत मागची बाजू इंचभर उचलून ठेवा, अन् गादीवर ठेवून रेंडर लावू नका.

कूलरच्या अगदी तोंडासमोर मात्र ठेवू नका, खूप जण ठेवतात. ती हवा दमट तर असतेच, वर पाण्याचे बारीक तुषार येतात, कीबोर्डमधून आत गेले की बोर्डाला गंज. कूलर खोलीत चालू राहू द्या, लॅपटॉप बाजूला. अन् ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालते, त्यामुळे ड्रॉइंग करताना इतका तापणार नाही, मोठे रेंडर रात्री लावत जा.

गोधनी_रायडर:
ताई पेस्ट लावताना मटरच्या दाण्याएवढीच, अन् जुनी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढायला सांगा, काही जण जुन्यावरच नवीन थापतात.