मदत हवी आहे: हळदीकुंकवाला बोलवायचं, पण कसं?

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे आहे. समोरच्या काकूंचे यजमान मागच्या वर्षी गेले. त्यांना बोलवायचंच, त्यात शंका नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रकही निघालं. मग आपण शहरातले मागे का? (सासूबाईंचं मत वेगळं, ते असो.)

अडतंय ते पुढे. चार बायकांसमोर मी कुंकवाचं बोट पुढे केलं आणि त्यांना नकोच असेल तर? माझा सुधारकपणा त्यांच्या कपाळी कशाला? आधी एकटीला गाठून विचारावं, तर तेही वेगळं पाडल्यासारखंच. करंडा ताटात ठेवून सगळ्यांनाच 'आपापलं लावून घ्या' म्हटलं तर? तुमच्याकडे कसं करता? वाणही सुचवा, प्लास्टिकचे डबे सोडून.