मदत हवी आहे: रफू दोन धुण्यांत सुटतं (सोलापूर)

घाईत: तीनदा रफू केलं. दोन धुण्यांत उसवतं, भोक आधीपेक्षा मोठं होतं. सोमवारी कपडा लागणार आहे. कुठला टाका घालू? लवकर सांगा.

धागेदोरे: कापड कुठलं? भोक केवढं, कुठे? दोरा कसला?

घाईत: सुती पँट. रुपयाएवढं. दोरा घरातल्या रिळाचा, चांगला मजबूत आहे.

धागेदोरे: कुठे ते राहिलंच की.

घाईत: मांडीला आतून, घासतं तिथे.

धागेदोरे: मग भोकाभोवतीचं कापडही विरलंय. उजेडासमोर धरा, विरळ भाग दिसेल. त्याच्या पलीकडे एक सेंटिमीटर, धड कापडात टाके सुरू करा. तुम्ही भोकाच्या कडेलाच धरलं असणार. शिवाय रिळाचा मजबूत दोरा बहुधा पॉलिस्टर, तो विरलेलं सूत कापतो. सुती दोरा घ्या, हातभरच, गाठ न मारता. आतून उलटी वाटी धरा म्हणजे चुण्या पडत नाहीत. आधी उभे धागे भरा, प्रत्येक वळणावर बारीक फास सैल सोडा; धुतल्यावर दोरा आटतो. मग आडवे, एक वरून एक खालून, पुढच्या ओळीत उलट.

चाटीगल्ली: मांडीत एवढं भोक नुसत्या रफूनं टिकत नाही ओ. आतून ठिगळ लावा. गणवेश शिवणाऱ्यांकडे कतरण मिळते. आधी भिजवून वाळवा, नाहीतर नंतर आटून पँट ओढते. विरळ भागापेक्षा चहूकडून दोन सेंटिमीटर मोठं, कोपरे गोल कापून.

धागेदोरे: ठिगळाची जाड कड मांडीला घासते, मग कडेलाच नवं भोक.

चाटीगल्ली: कड दुमडली तर. दुमडू नका. अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर धावदोऱ्याच्या ओळी ठिगळभर घाला, ताण एका रेषेवर येत नाही.

दशावाली: सोलापुरी चादरीच्या दशा सुटत असतील तर चार-चार धागे एकत्र घेऊन बुडाशी गाठ मारा. धुण्याआधी मारा, नंतर धागे गुंततात.

घाईत: चादर नाही, पँट! ठिगळच लावतो. कापड थोडं ताणतं, चालेल ना?

धागेदोरे: ताणतं? हे आधी सांगायचं! सरळ धावदोरा बसल्यावर तटकन तुटतो.

चाटीगल्ली: मग ठिगळही तसंच ताणणारं घ्या, दोघांचा ताण एकाच दिशेला ठेवा. ओळी नागमोडी, टाके सैल. आणि इथे सुती दोरा नको, पॉलिस्टरच चालेल.

धागेदोरे: ताणणाऱ्या कापडाला पॉलिस्टर मान्य. पण बारीक घ्या, आणि सगळे टाके धड कापडात.