शेजारी वसतिगृह बांधतायत: तुमचे अनुभव लिहा

आमच्या भिंतीपलीकडे विद्यापीठाचं नवं वसतिगृह होतंय. पत्रे ठोकून झालेत, पोकलेन आलाय. ज्यांनी हे आधी सोसलंय त्यांनी लिहा. आवाज, धूळ, भेगा, भांडणं, काहीही. 'होईल सवय' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

तळमजला:
खोदकामाआधी घरातल्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. भेग असेल तिथे मोजपट्टी धरून. आमच्या वरच्यांकडे असे फोटो होते, त्यामुळे त्यांच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली तेव्हा 'ही जुनीच' म्हणायला ठेकेदाराला जागा उरली नाही. साइट इंजिनियरने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग सरकली की काच तडकते. ती शाबूत राहिली, प्लास्टरही भरून दिलं. रंग मात्र आजतागायत जुळलेला नाही.

दिवसा झोपणारी:
पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल जाणारे खांब, ठोकून बसवणार की भोक पाडून ओतणार, हे आधी विचारा. ठोकण्यात प्रत्येक घावाला कपाटातली भांडी वाजतात. भोक पाडणारं यंत्र घरघरतं, पण हादरे कमी. आम्ही त्यातच वाचलो. माझी खरी वैरी रिव्हर्स डंपरची बीप-बीप. तिच्याऐवजी खरखरीत, पसरट आवाजाचे भोंगे मिळतात, ते लांबवर टोचत नाहीत. मागितल्यावर बसवले.

माजी सुपरवायझर:
बाजू घेत नाही, रात्री काम का चालतं त्याचं कारण सांगतो. स्लॅबचं काँक्रीट मध्येच थांबलं तर आधीचं आवळतं आणि नवं त्याला नीट धरत नाही. त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. मिक्सर वाटेत अडकला की मग रात्र होतेच.

दुसरं म्हणजे, फ्लॅटचा ताबा लांबतो, वसतिगृहाचा लांबवणं अवघड. वर्ष सुरू झालं की मुलं बॅगा घेऊन दारात. म्हणून सांगाडा उभा राहिला की सुटलो असं समजू नका. शेवटचे महिने जास्त वाईट असतात: टाइल कटर, ग्राइंडर, ड्रिल, सगळ्या मजल्यांवर एकदम. आणि तक्रारीत नुसतं 'फार आवाज' लिहू नका. कुठलं काम, किती वाजता, कुठल्या बाजूला, ते लिहा. 'फार आवाज'वाला कागद फाइलला लागतो आणि तिथेच राहतो.

ओलं फडकं:
घरात दम्याचे सासरे. काँक्रीट आणि टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, आणि डोळ्यांना न दिसणारी धूळच फुफ्फुसात खोल जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम १० साठी (दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूळ) २४ तासांची सरासरी ४५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर सुचवली आहे. कोरडं कटिंग चालू असलं की आमच्या खिडकीतला मीटर त्याच्या कितीतरी वर जायचा. एकच मागणी लावून धरली: पाणी सोडत कापा आणि आमच्या बाजूला नको. कटिंगची जागा हलवली, पाणी मात्र कोणी बघत असेल तेव्हाच. घरात झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.

शेवटचं वर्ष:
भाड्याच्या खोलीत राहते, खिडकीसमोर क्रेन. परीक्षा घेणारेही तेच, ड्रिल लावणारेही तेच! निवेदन दिल्यावर परीक्षेच्या दिवसांत सकाळचा ब्रेकर बंद ठेवला. वसतिगृह तयार होईल तेव्हा मी पास होऊन गेलेली असेन, तो भाग वेगळा.

तिसरा मजला:
नकाशे अजून पक्के नसतील तर खिडक्या कुठे उघडतात ते बघून घ्या. आमच्या बाजूच्या जिन्याच्या काचा धुरकट करून घेतल्या, नाहीतर आमचं स्वयंपाकघर म्हणजे त्यांचा टीव्ही झाला असता. मुलांचा त्रास म्हणाल तर सुरुवातीला गच्चीवर गाणी, नंतर वॉर्डनचा नंबर मिळाला.

धागाकर्ता:
सुपरवायझर, स्लॅबच्या तारखा मागायच्या कोणाकडे? ठेकेदार विद्यापीठाकडे बोट दाखवतो, विद्यापीठ ठेकेदाराकडे.

माजी सुपरवायझर:
विद्यापीठाच्या बांधकाम विभागाकडे, लेखी. 'बार चार्टची प्रत द्या' म्हणा, म्हणजे कुठलं काम कधी त्याचा तक्ता. तारखा सरकतील, म्हणून दर महिन्याला नवी मागा.