मदत हवी आहे: प्रॉम्प्ट रंगीत केल्यापासून लांब कमांड स्वतःवरच चढते

रानपाखरू: लिनक्सवर टर्मिनलचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधी दिसणारा मजकूर, बदलला. लाल रंग, यूजर, मशीनचं नाव, फोल्डर. दिसतो छान, पण कमांड लांब झाली की खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीला येते आणि आधी टाइप केलेलं खाऊन टाकते. अप अ‍ॅरो दाबला की जुन्या कमांडचे तुकडे तसेच राहतात. सकाळपासून गूगल चाळतोय. उद्या डेमो आहे, कोणीतरी लवकर सांगा.

कातळ: शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, कुठलं? बॅश, झेडशेल, फिश? बदल कुठल्या फाइलीत केला? नेमकं काय लिहिलंय ते टाका, नाहीतर सगळे अंदाजच मारत बसतील.

खडीसाखर: बॅशच्या नादी लागूच नका. झेडशेल घ्या, वर प्रॉम्प्ट सजवणारं स्टारशिप टाका. एका फाइलीत सगळं आटोपतं. मॅकवरही २०१९ पासून झेडशेलच डिफॉल्ट आहे.

कातळ: @खडीसाखर, मॅकचं कारण इथे कशाला? अ‍ॅपल बॅश ३.२ च्या पुढे गेलंच नाही, कारण ४.० पासून बॅश जीपीएल ३ या लायसन्सखाली आहे. यात बॅश वाईट कुठे ठरलं?

रानपाखरू: बॅशच आहे, उबुंटूवर. ऑफिसचा सर्व्हर, नवीन काही टाकायची परवानगी नाही. बॅशआरसीत (बॅशची सेटिंगची फाइल) पीएस-वन (प्रॉम्प्ट ठरवणारं सेटिंग) बदललाय: आधी ०३३ वाला लाल रंगाचा कोड, मग यूजर-होस्ट-फोल्डर, शेवटी रंग बंद करायचा कोड.

चैत्रगौर: होस्टचं, म्हणजे मशीनचं, नाव बदलायला होस्टनेमसीटीएल कमांड वापरा. रीबूट लागत नाही.

रानपाखरू: अहो, नाव नाही बदलायचंय!

माजघर: परवानगीचं आधीच सांगितलं असतंत तर स्टारशिपचा विषयच निघाला नसता. असो. रंगाचा कोड पडद्यावर जागा घेत नाही, पण बॅश ती अक्षरंही प्रॉम्प्टच्या लांबीत धरतं. मग ओळ कुठे संपते याचा हिशेब चुकतो. प्रत्येक रंगकोडाच्या आधी \[ आणि नंतर \] लिहा. रंग बंद करायच्या कोडालाही हवेत, तिथेच बहुतेक जण विसरतात. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत रंगीत प्रॉम्प्टची ओळ आहे, तिच्यात हे कंस दिसतील.

रानपाखरू: झालं! मनापासून आभार. आता प्रॉम्प्टमध्ये गिटची ब्रँच, म्हणजे कोडची चालू शाखा, पण दाखवतोय, पण ब्रँच बदलली तरी जुनंच नाव राहतं.

माजघर: दुहेरी अवतरणात लिहिलंय ना? मग ब्रँच शोधणारी कमांड बॅशआरसी वाचताना एकदाच चालते. एकेरी अवतरण वापरा, दर प्रॉम्प्टला नव्याने चालेल.

खडीसाखर: स्टारशिपमध्ये हे काहीच करावं लागत नाही.

कातळ: परवानगी नाही म्हणाले ना ते!
@रानपाखरू, लाल फक्त प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरला, ठेवा. टेस्ट सर्व्हरही लाल असेल तर नजरेला सवय होते आणि डिलीटची कमांड भलत्याच मशीनवर जाते.

रानपाखरू: त्यासाठीच तर हा खटाटोप. एकेरी अवतरणाने ब्रँचही बरोबर येतेय. पण सुडो कमांडने रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, झालं की रंग जातो, तिथे तर तो सगळ्यात जास्त हवा.

माजघर: रूटची बॅशआरसी वेगळी असते, रूटच्या होम फोल्डरमध्ये. हीच ओळ तिच्यातही टाका. पण सर्व्हर ऑफिसचा आहे, आधी अ‍ॅडमिनला विचारा.