मदत हवी आहे: रेडलिचिया ट्रायलोबाइटचा नमुना आणि नकाशा

नमस्कार. दादरमधील शालेय विद्यार्थ्यांसाठी मी रेडलिचिया या नामशेष ट्रायलोबाइट (समुद्रात राहणारा, कठीण कवचाचा प्राचीन प्राणी) प्रजातीविषयी तक्ता तयार करीत आहे. चंद्रकोरीसारखे मोठे डोळे आणि अगदी इवलीशी शेपटी ही तिची ओळख. सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वीचे तिचे जीवाश्म पाकिस्तानातील मिठाच्या डोंगररांगेत, चीनमध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर सापडतात. आज इतके दूर असलेले हे प्रदेश तेव्हा गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या कडेने व आसपास पसरलेल्या उथळ समुद्रांखाली होते, आणि मुलांना नेमके हेच दाखवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुंबईचा बेसॉल्ट जेमतेम 6.5 कोटी वर्षांचा, त्यामुळे येथील खडकांत ट्रायलोबाइट मिळणे शक्यच नाही. कॅम्ब्रियन काळातील, म्हणजे रेडलिचियाच्या काळातील, भूखंडांची स्थिती दाखवणारा सोपा नकाशा, तसेच मुलांना खरा नमुना जवळून पाहू देईल असे मुंबईतील एखादे महाविद्यालय कोणी सुचवू शकेल का?